पाय उचलला, तरी इंजिन का घोंघावते?

दिल्लीच्या रिंग रोडवर संध्याकाळी सहाच्या सुमारास मोटार चालवणाऱ्याचा डावा पाय घरी पोहोचेपर्यंत भरून येतो. क्लच दाबा, गिअर टाका, क्लच सोडा. पुढे चार मोटारींची जागा झाली की पुन्हा तेच. या कसरतीत एक बारीकशी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात आलेली असते. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण उचलला, तरी इंजिनाचा आवाज लगेच खाली येत नाही. ते क्षणभर वरच्याच पट्टीत घोंघावत राहते. घाईने क्लच सोडला की गाडी पुढे गचकते, मागे बसलेल्या आजींच्या मांडीवरची पिशवी कलंडते आणि ‘जरा सावकाश’ हे शब्द ऐकून घ्यावे लागतात.

आजींच्या दृष्टीने दोष चालकाचा. विशीतल्या चालकाच्या दृष्टीने तो इंजिनाचा. मित्र त्याला सांगतात की यावर इलाज आहे. शर्यतीच्या मोटारीत पाय उचलताच काटा कसा धाडकन खाली येतो, हे त्याने पडद्यावर पाहिलेले असते. काश्मीरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात किंवा करोल बागेच्या गल्ल्यांत चौकशी केली, की कोणी इंजिनाचे जड चाक लेथवर तासून हलके करून देण्याची तयारी दाखवतो. गुरुग्राममध्ये लॅपटॉप जोडून इंजिनाचा प्रोग्रॅमच बदलून देणारे भेटतात. मग घरात वाद सुरू होतो. गाडी एक, चालवणारे तीन आणि पैसे वडिलांचे!

हा वाद मिटवण्यापूर्वी हे घोंघावणे येते कुठून, ते पाहिले पाहिजे.

दोन टाके जास्त

ज्यांच्या घरी पायाचे शिवणयंत्र आहे, त्यांना हे चटकन कळेल. पाय थांबवले तरी यंत्राचे चाक फिरत राहते आणि सुई आणखी दोन टाके घालून मगच थांबते. जात्याचा वरचा दगडही हात काढल्यावर थोडा फिरतोच. चाक जड असेल तर ते फिरायला वेळ घेते आणि थांबायलाही वेळ घेते. मोटारीच्या इंजिनाच्या टोकाला असेच एक जड लोखंडी चाक बसवलेले असते. त्याला फ्लायव्हील म्हणतात. लहान पेट्रोल मोटारीत त्याचे वजन पाच-सात किलोंच्या घरात असते.

एवढे ओझे कारखान्याने उगीच लादलेले नाही. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच पेट्रोल पेटते. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. तिच्या ७९६ सीसीच्या इंजिनात तीन सिलिंडर होते. म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांत तीन धक्के. दोन धक्क्यांच्या मधल्या वेळात इंजिन फिरत राहते, ते याच चाकात साठलेल्या जोरावर. सिग्नलला गाडी उभी असताना इंजिन थरथरत नाही, पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना ते एकदम बंद पडत नाही, हे या चाकाचे उपकार. नवशिक्याने क्लच जरा घाईने सोडला तरी चाक आपल्या साठ्यातून जोर देते आणि त्याची अब्रू राखते.

गिअर बदलताना मात्र हाच गुण आडवा येतो. समजा, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत आहे. तिसरा गिअर टाकल्यावर गाडीच्या त्याच वेगाला त्याने साधारण २७०० फेरे घ्यायला हवेत. क्लच दाबला की इंजिन आणि चाके यांची ताटातूट होते. आता इंजिनाला खाली खेचायला आतले घर्षण आणि हवा ओढण्याचे श्रम, एवढेच उरतात. जड चाक हट्टाने फिरत राहते. ते ३५०० वर असतानाच क्लच सोडला, तर उरलेला जोर चाकांवर आदळतो. हाच तो गचका.

म्हणून चाक हलके केले तर फेरे लवकर उतरतील, हे तरुणांचे म्हणणे शास्त्राला धरूनच आहे. मात्र ते अर्धेच खरे आहे.

चुलीचे तोंड झाकले की...

जुन्या मारुतीत एवढे घोंघावणे नव्हते, अशी आठवण पन्नाशीतले चालक सांगतात. त्यात तथ्य आहे. त्या काळी ॲक्सिलरेटरपासून कार्ब्युरेटरपर्यंत साधी तार असे. पाय उचलला की स्प्रिंग हवेची झडप तत्काळ मिटून टाकी. आजच्या बहुतेक मोटारींत ही तारच उरलेली नाही. पाय उचलणे हा संगणकाकडे केलेला अर्ज असतो. झडप किती लवकर मिटायची, ते संगणक ठरवतो, आणि तो ती मुद्दाम सावकाश मिटतो.

का? पेटत्या चुलीचे तोंड एकदम झाकले तर काय होते, ते आठवा. लाकडे तीच, पण हवा तुटते आणि घरभर धूर होतो. इंजिनातही तेच घडते. हवा आत नेणाऱ्या वाटेच्या भिंतीवर पेट्रोलचा ओलसर थर बसलेला असतो. झडप एकदम मिटली की आत जोराची ओढ निर्माण होते. हा थर सुटून सिलिंडरमध्ये शिरतो आणि त्याला जाळण्याइतकी हवा मिळत नाही. अर्धवट जळलेले पेट्रोल धुराड्यावाटे बाहेर पडते. त्याला हायड्रोकार्बन म्हणतात.

हे इंजिनियरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कार्ब्युरेटरच्या काळातही अनेक गाड्यांत झडपेला डॅशपॉट नावाचा लहानसा दांडू टेकवलेला असे. झडप धाडकन न मिटता शेवटचा टप्पा हळू गाठावा, एवढेच त्याचे काम. पुष्कळ मेकॅनिक त्याला निरुपयोगी समजून काढून टाकत. आता तो दांडू गेला, पण संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये हेच काम करणाऱ्या भागाला इंजिनियर अजून डॅशपॉटच म्हणतात.

या बाबतीत दिल्लीचा अनुभव इतर शहरांहून वेगळा आहे. वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये दिल्लीच्या हवेसाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्या प्रकरणाचे धागे पुढे कित्येक वर्षे चालत राहिले. १ एप्रिल १९९५ पासून दिल्लीसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्यासाठी शिसेविरहित पेट्रोलचे वेगळे पंप आले. २९ एप्रिल १९९९ च्या आदेशाने न्यायालयाने राजधानी परिसरात युरो नियमांच्या तारखा अलीकडे ओढल्या. १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ नियम पाळणाऱ्या खासगी मोटारींचीच नोंदणी व्हावी, असे ठरले. मोटार कंपन्यांची धावपळ उडाली. कार्ब्युरेटर जाऊन संगणकाने पेट्रोल फवारणारी इंजिने घरोघरी पोहोचली. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ लागू झाले.

त्या नियमाचा आकडा पाहण्यासारखा आहे. पेट्रोल मोटारीने एका किलोमीटरला ०.१० ग्रॅमहून अधिक हायड्रोकार्बन सोडायचे नाही. म्हणजे १०० किलोमीटरला १० ग्रॅम. घरच्या भाषेत अडीच चमचे पेट्रोल. दिल्लीहून जयपूरला जाऊन आलात तरी एक लहान वाटी भरणार नाही. एवढ्या काटकसरीत बसायचे, तर गिअर बदलतानाची अर्ध्या सेकंदाची उधळपट्टीही कंपनीला परवडत नाही. नव्या मॉडेलची परीक्षा हरियाणात मानेसरच्या आयकॅट या संस्थेत किंवा पुण्याच्या एआरएआयमध्ये होते. (१९६६ साली स्थापन झालेल्या या दुसऱ्या संस्थेचे नाव पुणेकरांनी कोथरूडच्या टेकडीलाच देऊन टाकले आहे.) तेथे गाडी रुळांवर चालवतात, ठरलेल्या क्रमाने वेग वाढवतात, गिअर बदलतात, पाय उचलतात आणि धूर पिशव्यांत गोळा करून मोजतात. तुमच्या गाडीचे घोंघावणे त्या परीक्षेतले गुण मिळवण्यासाठी आहे.

लॅपटॉपवाला बदलतो ते नेमके हेच. त्याने झडप लवकर मिटवायला सांगितली की काटा झपकन खाली येतो, चालक खूश होतो. मागे काय सुटले, ते त्याला दिसत नाही. कधी ऐकू मात्र येते: सायलेन्सरमध्ये ‘फट् फट्’ आवाज. काही हौशी मुलांना तो मर्दानी वाटतो. न जळलेले पेट्रोल बाहेरच्या नळीत पेटल्याचा तो आवाज आहे, आणि तिथेच बसवलेला महागडा कन्व्हर्टर त्यात भाजून निघतो.

एका मोटारीने दिल्लीचे आकाश काळवंडते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. नोव्हेंबरमधल्या त्या काजळलेल्या हवेला शेतातली धाटे, ट्रक, रस्त्यांवरची धूळ, कारखाने अशी अनेक कारणे आहेत. पण ज्या शहरात हवा बिघडली की लहान मुलांच्या शाळा बंद ठेवाव्या लागतात, तेथे पैसे मोजून धूर वाढवून घेणे समर्थनीय ठरत नाही.

लेथवर काय होते?

आता त्या हलक्या चाकाकडे वळू. तेथे धुराइतकाच जिवाचा प्रश्न आहे.

फ्लायव्हील बहुधा ओतीव लोखंडाचे असते. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेते तेव्हा ते सेकंदाला १०० वेळा फिरते. चाकाचा व्यास २५ सेंटीमीटर धरला, तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे २८० किलोमीटर होतो. ओतीव लोखंड दाबाला भक्कम, पण ताणाला कच्चे. लेथवाल्याने कडेचे लोखंड अंदाजाने तासले, कुठे धारदार कोपरा ठेवला, किंवा आत पूर्वीचीच एखादी बारीक चीर असली, तर ते चाक फुटू शकते. आणि ते बसवलेले असते पुढच्या सीटवर बसणाऱ्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर. म्हणूनच शर्यतीच्या मोटारींत तासलेले ओतीव चाक वापरत नाहीत. तेथे खास पोलादाचे, किंवा पोलादी चकती बसवलेले ॲल्युमिनियमचे चाक असते आणि ते काटेकोर तोलून घेतलेले असते.

समजा, चांगले चाक मिळाले आणि नीट बसले. मग? पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी जरा चपळ वाटते, पाचव्या गिअरमध्ये फरक जवळजवळ कळत नाही. फेरे लवकर उतरतात, हे खरे. पण मे महिन्याच्या दुपारी आयटीओच्या सिग्नलला एसी चालू करून उभे राहा. एसीचा कॉम्प्रेसर मध्येच ओझे टाकतो. जड चाकाने ते सहज पेलले असते. हलक्या चाकाचे इंजिन कापू लागते, काच आणि आरसा थरथरतात. उड्डाणपुलाच्या चढावर वाहतूक तुंबली असेल आणि मागची गाडी वीतभर अंतरावर असेल, तर क्लच सोडताना इंजिन बंद पडण्याची भीती. ज्याने हौसेने काम करून घेतले, तो आठवडाभरात सरावतो. पण तीच गाडी सकाळी मुलांना शाळेत सोडायला आई नेते, आणि रविवारी वडील नोएडाला आत्याकडे नेतात. त्यांनी हा सराव का करावा?

डिझेल गाड्यांत आणखी एक पेच आहे. त्यांतल्या अनेकींत फ्लायव्हील एकसंध नसून स्प्रिंगांनी जोडलेल्या दोन चकत्यांचे असते. डिझेल इंजिनाचे जोरकस धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोहोचू नयेत, म्हणून ही योजना. ते काढून हलके एकसंध चाक घातले, की न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स डब्यातल्या खड्यांसारखा वाजू लागतो.

जिथे हे काम शोभते, ती जागा दिल्लीपासून दूर नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर ३० ऑक्टोबर २०११ रोजी भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली आणि सेबास्टियन व्हेटेलने ती जिंकली. ५.१२५ किलोमीटरच्या त्या वाटेवर धावणाऱ्या मोटारींची इंजिने मिनिटाला १८,००० फेऱ्यांपर्यंत जात. त्यांच्यात जड चाक जवळजवळ नव्हतेच. पाय उचलताच फेरे कोसळत आणि गिअर डोळ्याचे पाते लवण्याआधी बदले. पण उभे असताना इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला चार-पाच हजार फेऱ्यांवर ओरडत ठेवावे लागे, आणि १९ शर्यतींच्या त्या हंगामासाठी प्रत्येक चालकाला ८ इंजिने मिळत. म्हणजे दोन-तीन शर्यतींत एक इंजिन खर्ची! घरच्या इंजिनाकडून आपण लाखभर किलोमीटरची अपेक्षा धरतो.

कागदात नाही, म्हणून?

गाडीच्या नोंदणीपत्रात फ्लायव्हीलचा उल्लेख नसतो, तेव्हा पकडणार कोण, असा युक्तिवाद बाजारात ऐकू येतो. पीयूसीच्या केंद्रावर गाडी उभ्यानेच तपासतात. चालत्या गाडीत गिअर बदलताना काय सुटते, ते त्या नळीला कळत नाही. तेव्हा प्रमाणपत्र मिळेलही. पण मोटार वाहन कायदा, १९८८ चे ५२ वे कलम कारखान्याच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारे बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२-ए कलमात नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आहे तो. घरात बहुधा ते वडील असतात. अपघात झालाच, तर विमा कंपनीचा सर्वेक्षक इंजिनाकडे कोणत्या नजरेने पाहील, हेही लक्षात घ्यावे.

आधी आजार पाहा

यावरून तक्रारच खोटी, असे समजू नका. घोंघावणे पूर्वी नव्हते आणि हल्ली सुरू झाले असेल, तर तो खरोखर बिघाड असतो. झडपेभोवती काजळी आणि चिकटा साचला की ती पूर्ण मिटत नाही. दिल्लीच्या धुळीत, एअर फिल्टर वेळेवर न बदललेल्या गाडीत हे हटकून होते. रबराची एखादी नळी चिरली तर तिथून जादा हवा आत शिरते आणि फेरे वर लटकतात. तारेच्या जुन्या गाडीत तार आतून गंजून अडकते; ती ताबडतोब बदलावी, कारण उद्या ती भर गर्दीत अडकेल. पायाखालची जाड चटई पेडलवर चढते, हे तर पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. झडप साफ करणे हे साधे काम आहे. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही; फ्लायव्हीलसाठी तो उतरवावाच लागतो.

बिघाड नसेल, तर उरते पायाची सवय. बहुतेक जण दोन्ही पाय एकदमच हलवतात, काही जण तर क्लच आधी दाबतात. मग मोकळे सुटलेले इंजिन आणखी वर उसळते. त्याऐवजी ॲक्सिलरेटर निमिषभर आधी सोडावा आणि मग क्लच दाबावा. त्या निमिषात इंजिन अजून चाकांना जोडलेले असते आणि गाडीचे वजनच त्याला खाली ओढते. गावात गिअर २००० ते २५०० फेऱ्यांवरच बदलावा, म्हणजे उतरायचे अंतरही कमी राहते. गिअर टाकल्यावर क्लच सोडताना शेवटच्या बोटभर अंतरात पाय जरा रेंगाळू द्यावा. आठ दिवसांत गचके जातात, आजींची पिशवी सरळ राहते आणि एक पैसाही लागत नाही.

दरम्यान राजधानीच्या रस्त्यांवर हिरव्या पाटीच्या इलेक्ट्रिक मोटारी वाढत आहेत. त्यांच्यात पेट्रोलचे इंजिन नाही, फ्लायव्हील नाही, घोंघावणेही नाही. पाय उचलला की चाकेच मोटर फिरवून बॅटरी भरू लागतात आणि गाडी तिथल्या तिथे मंदावते. त्या गाड्यांत मागे बसणाऱ्यांची तक्रार नेमकी उलटी आहे: चालकाने पाय काढला की एकदम अडखळल्यासारखे होते, मळमळते. म्हणून अनेक कंपन्यांनी त्यांत एक बटण दिले आहे. ते दाबले की पाय उचलल्यावरही गाडी पूर्वीसारखी थोडी पुढे घरंगळत राहते.